ब्रशमधले पत्ते

सात महिने मी जिना उतरलो नव्हतो. पार्किन्सन्समुळे हात थरथरायचा, चेहरा मख्ख राहायचा, चार माणसांत छाती धडधडायची. शेवटी कुमुदनेच खालच्या मजल्यावरच्या सबनीसांना चॅलेंज खेळायला बोलावलं. माझे पत्ते पडू नयेत म्हणून ते कपड्यांच्या ब्रशमध्ये खोचून दिले.

"तीन एक्के," म्हणत मी पत्ते पालथे टाकले. हात जोरात थरथरला.

"थाप मारताय! चॅलेंज!" सबनीस ओरडले.

तीन एक्केच निघाले. अख्खा गठ्ठा सबनीसांच्या गळ्यात पडला.

शेवटचे दोन पत्ते टाकताना मी म्हणालो, "दोन राजे." हात तसाच थरथरत होता. चॅलेंज करायला सबनीस काही धजावले नाहीत.

ते गेल्यावर कुमुदने पत्ते उलटले. दुरी आणि पंजा!

"लबाड! जिंकलात, मग तोंड असं का?"

"हसतोय अगं! उद्या मीच खाली जातो त्यांच्याकडे. ब्रश काढून ठेव."