ठेंगणं दार

अलाय डोंगरातल्या कुरणावर मेलिसच्या लोकरीच्या नमद्याच्या तंबूचं दार ठेंगणं होतं. आत शिरताना घराला मान झुकवायची, ही वाडवडिलांची रीत. आई मात्र अलीकडे न झुकताच आत यायची. “सासू झाल्यापासून माज चढलाय हिला!” मेलिस चिडवायचा. “सून आलीय, आता मी कशाला वाकू?” म्हणत आई आपल्या वाटणीचं दूध नातवंडांना पाजायची. परवा दुधाची बादली उचलताना तिच्या पाठीत काहीतरी कट्कन मोडलं. “हाडं पार ठिसूळ झालीत,” दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मणके खचून उंची वीतभर उतरलीय. वेळीच आणलं असतं तर आवरलं असतं. घरात कुणालाच दिसलं नाही?” मेलिसला ते दार आठवलं. परतल्यावर त्यानं आईला गाडीतून अलगद उचललं. दाराशी ती कण्हत हसली, “तू झुक बाबा, मला तर माज चढलाय.” आत आल्यावरही मेलिसला मान वर करवेना.