फक्त बोटाचं ऐकणारा पडदा

मुलांनो, कल्पना करा की घरात एकही बटण उरलेलं नाही. चूल, नळ, दार, सारं विड्याच्या पानाएवढ्या, मोबाइलसारख्या पडद्यावरच्या चित्रांना बोट लावून चालतं. पडदा घडी करून कमरेला खोचता येतो, पण तो फक्त बोटाचंच ऐकतो.

वत्सलाआत्याला दिसत नसे. तरी तीस वर्षं ती चाचपून स्वतःचा स्वयंपाक करी. आज नव्या, गुळगुळीत पडद्यावर ती चूल पेटवायला गेली, तर दारच उघडलं.

"आत्या, चोराला जेवायला बोलावलंस का?" आठ वर्षांची भाची जुई हसली.

"हसू नकोस गं. आता चहासुद्धा मागून प्यायचा," म्हणत आत्याने पडदा बाजूला सारला.

जुई आत्याजवळ आली. मग तिने कपाळावरची मखमली टिकली काढली, पडद्यावरच्या चुलीच्या चित्रावर घट्ट चिकटवली आणि आत्याचं बोट धरून त्या टिकलीवर टेकवलं.