मधलं झाड

जावातल्या ज्वालामुखीने तुमिरानच्या थोरल्या भावाला गिळलं, त्याला पंधरा वर्षं झाली. जळलेल्या उतारावर तुमिरानने हट्टाने पुन्हा पाइन लावले आणि त्यांच्या सावलीत पर्यटकांसाठी तंबूंचा तळ चालवायला घेतला.

पूर्वी खोडाला खाच पाडून राळ काढताना दोघे भाऊ पाइनच्या एकाच रांगेला दोन टोकांनी भिडायचे. मधल्या झाडाशी जो मागाहून पोचेल, त्याने कॉफी पाजायची. थोरला डावखुरा, त्यामुळे त्याची खाच उलटी तिरकी पडायची.

मागच्या सोमवारी नव्या रांगेच्या वरच्या टोकाच्या झाडावर तशीच खाच दिसली. ओली. मग रोज एकेक झाड ती खाली येऊ लागली.

"अहो, नका जाऊ त्या रांगेकडे," बायको सुलास्त्री म्हणाली. "जळो ती राळ!"

"अर्धी रांग टाकून उठायची आमच्या घरात रीत नाही," म्हणत त्याने कोयता उचलला आणि खालून सुरुवात केली. तोही रोज एकच झाड घेई.

आज मधलं झाड तेवढं उरलं. खोड जेमतेम मांडीएवढं, त्यामागे माणूस लपणं शक्यच नव्हतं. लख्ख ऊन होतं.

"दादा, कॉफी तुझ्याकडे लागली!" तुमिरान मोठ्याने म्हणाला आणि साल तासू लागला.

खोडाच्या पलीकडूनही साल तासल्याचा आवाज येऊ लागला.

तुमिरानने हात थांबवला. पलीकडचा थांबला नाही.