मागची चाकं

"गाडी सांगलीपर्यंत नीट जाईल ना?" असं मृणालने विचारल्यावर श्रीरंगने लगेच अंगणात जॅक लावला. लहानग्या रेवाला घेऊन बायको चार दिवस माहेरी निघाली होती आणि मागची चाकं घूं घूं करत होती. तिला न्यायला आलेला तिचा धाकटा भाऊही मदतीला बसला.

श्रीरंग झिजलेलं बेअरिंग ठोकून काढत असताना मेव्हणा म्हणाला, "दाजी, मन मोठं तुमचं. दुसऱ्याने हे केलं नसतं. रेवाचं नाव आमच्याकडच्या शाळेत घातलंय, तिची काळजी करू नका."

श्रीरंगचा हातोडा हवेतच राहिला. "कुठल्या शाळेत?"

मेव्हण्याचा चेहरा उतरला. "ताई बोलली नाही? ती परत येणार नाही... आम्हाला वाटलं, तुमचं ठरलंय."

म्हणजे सासुरवाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने खिडकीकडे पाहिलं. मृणालने नजर चुकवली आणि पडदा ओढून घेतला.

गाडी तशीच उघडी टाकून द्यावी, असं त्याला वाटलं. पण मागच्या सीटवर रेवा बसणार होती. डोळे पुसून त्याने नवी बेअरिंग्ज नीट बसवली, दोन्ही चाकं चढवली आणि एकेक नट सगळा जोर लावून आवळला.