हिरवा दिवा

स्टेजच्या पायऱ्यांपाशी ठेवलेल्या तपासणी यंत्राने प्राजक्ताला दुसऱ्यांदा लाल दिवा दाखवला. 'आवाज कृत्रिम.' आवाज माणसाचाच आहे असं ठरून हिरवा दिवा लागल्याशिवाय इचलकरंजीच्या या रॅप स्पर्धेत कुणालाच माइक मिळत नसे, आणि तिला आता एकच संधी उरली होती.

बीट वाजवणारा तौफिक वैतागला. "प्राजे, मधे कुठंतरी श्वास घे की. अख्खं कडवं एका दमात म्हटलंस तर मशीनला तू मशीनच वाटणार."

"मशीननं गायलेली गाणी ऐकूनच तर शिकलेय मी," ती म्हणाली. "आता श्वास कुठं घ्यायचा, तेच कळंना झालंय."

गाणं तिच्या वडिलांवर, आप्पांवर होतं. यंत्रमागावर कापसाची धूळ खाऊन त्यांची छाती निकामी झाली होती. शेवटी शेवटी ते बोलताना शब्द अर्ध्यावर तोडून हवा ओढायचे. प्राजक्ताने डोळे मिटले. तिसऱ्यांदा म्हणताना तिने 'पोरी' हा शब्द त्यांच्यासारखाच मधे तोडला आणि त्यांच्यासारखीच घरघरत हवा आत ओढली.

हिरवा दिवा लागला.

"सुटलो बघ," तौफिक म्हणाला. "तुझा श्वास ओळखला त्यानं."

प्राजक्ता माइककडे निघाली. तिच्या साऱ्या गाण्यात तेवढा एकच श्वास होता, आणि तो आप्पांचा होता.