चार दोरांची बाज

कोणाला खरं वाटणार नाही, पण खोल विहिरीतून आमची चिंगी मांजर मीच वाचवली. सकाळी काठावरून तिचा पाय घसरला. पडता पडता तिने उंबराची मुळी धरली आणि दुपारपर्यंत सोडली नाही. पाणी मिशीला लागत होतं, ओरडून घसा बसला होता. कोणाच्या तरी फोनवरून मांजरं वाचवणारा मयुरीचा गट धानोऱ्याहून आला. त्यांनी चार दोर बांधून बाज खाली सोडली. तेवढ्यात मुळी तडकली, बाजेचा एक दोर सुटला. मी उडी मारली, चिंगीला बाजेवर ढकललं आणि कललेली बाज खांद्यावर तोलली. तेव्हापासून गटाच्या मांजरांना मीच मासोळ्या पुरवतो. चिंगीला कुरवाळत मयुरी म्हणाली, "मुखरूभाऊ, चिंगी तर काठावर बसून ओरडून राह्यली होती, म्हणून लोकायनं मांजर पडल्याचा फोन केला. बाजेवर निजवून आमी वर काढलं, ते तुमाले."