बोटाची भुणभुण

ब्याऐंशीच्या एशियाडच्या वर्षी शिवराम त्याच्या गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन उरणच्या माझ्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आला. आदल्या दिवशी हळदीत वाजवताना तो अचानक बंद पडला होता.

मी मागचं झाकण खोललं. कंडेन्सरमध्ये उरलेला करंट आधी काढून टाकायचा असतो. घाईत विसरलो आणि हात घातला. खांद्यापर्यंत झटका बसला.

“मुख्तारभाई, बरं हाय ना?” शिवरामनं विचारलं.

“रोजचंच आहे,” मी म्हटलं आणि जळका रेझिस्टन्स बदलला.

मग नेहमीची परीक्षा. गिटारच्या वायरच्या टोकाला उघडं बोट लावायचं. जिवंत माणसाच्या अंगाची भुणभुण स्पीकरमधून ऐकू आली, की काम झालं.

मी बोट लावलं. काहीच ऐकू आलं नाही.

वायर बदलली, सोल्डर पुन्हा मारलं, तरी तेच. वैतागून शिवरामला बोट लावायला सांगितलं. स्पीकर जोरात भुणभुणला. मी लावलं, गप्प.

शिवराम माझ्याकडे बघत राहिला. “उद्या नेतो,” म्हणाला आणि घाईघाईनं निघून गेला.

माझी बायको खदीजा जेवायला बोलवायला आली. तिलाही बोट लावायला लावलं. भुणभुण आली. “तुमचा चेहरा असा का झालाय?” म्हणत तिनं दुसऱ्या हातानं माझा हात धरला.

भुणभुण बारीक होत होत थांबली.

तिनं दचकून माझा हात झटकला. तिचं बोट अजून वायरवरच होतं.

स्पीकर गप्पच राहिला.